पहिली मूठ

कांचनताईच्या हाताला यश नाही, असं गावाने ठरवून टाकलं त्याला दोन हंगाम झाले होते. गावाचं असं काही ठरलं की त्याला पुरावा लागत नाही आणि त्यावर अपीलही नसतं. मांडवखेड या बाबतीत भलतंच तत्पर होतं. सलग दोन उन्हाळे देवानंद लांडेच्या वावरात तिळाला बोंडं धरली नव्हती. फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके आले आणि झाडं नुसतीच झिपरी होऊन उभी राहिली. दोन्ही वेळा चाड्यावर मूठ कांचनताईने, म्हणजे देवानंदच्या बायकोने धरली होती. चाडं म्हणजे तिफणीवरचं बी सोडायचं लाकडी भांडं. पेरणी आता बॅटरीवरचं यंत्र करी, पण पहिल्या दोन ओळी जुनी तिफण यंत्रामागे बांधून घरच्या बाईच्या मुठीनेच पाडायच्या, हा रिवाज कोणी मोडला नव्हता. बी चांगलं, जमीन चांगली, तारीख तर मुहूर्त काढणाऱ्या दुसऱ्या यंत्राने दिलेली. मग दोष द्यायला हातच उरला.

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपून थंडी ओसरायला लागली होती. अंगणात कांचनताई रेती चाळत बसली होती. तिळाचा दाणा इतका बारीक, की नुसता पेरला तर एका जागी ढीग पडतो आणि पुढची ओळ कोरडी जाते; म्हणून त्यात चाळलेली रेती मिसळतात. शेजारी वाडग्यात काळे तीळ होते. ते तिच्या माहेरचं बियाणं. दर वर्षी थोडं मागे ठेवत ठेवत आता तेवढंच शिल्लक राहिलं होतं.

"औंदा देवानंदच्या वावरात मूठ हर्षदा धरीन," सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या.

पंचफुलाबाईंनी हे सांगितलं धाकट्या सुनेला, ऐकवलं थोरलीला. कांचनताईची चाळणी थांबली नाही. हर्षदाला मात्र हातातला चहाचा कप कुठे ठेवावा ते कळेना.

"आई, ताई असताना मी कशी धरू? वावर त्यांचं आहे."

"वावर तिचंच हाय, मी कुठं नाई म्हनतो? पन पोराचं दोनदा वाटोळं झालं. तुह्या हातचे तीय पाह्य, कमरेएवढे होते. डोयानं दिसते ते खोटं हाय का?" आईंच्या बोलीत तिळाचा तीय होई आणि त्यांच्या रागाला नेहमी काळजीचं अस्तर असे. म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नसे.

"धरू दे ना वं, हर्षदा," कांचनताई मान वर न करता म्हणाली. "माह्या मनात काही नाई."

मनात काही नाही, हे खरं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासून कांचनताईने लोणच्यात हात घातला नव्हता. कैऱ्या फोडायची, मसाला कुटायची, आणि कालवायला शेजारच्या घरून कोणाला तरी बोलवायची. अंगणात मेथी टाकायची तरी म्हणे, "तू टाक, तुहं येते." शेजारणीचं बाळ तिने अजून उचलून घेतलं नव्हतं. आधी गावाने ठरवलं, मग घराने, आणि आता तिने स्वतःच ते खरं मानलं होतं. कोणी मायेने समजावायला गेलं, तर हसून विषय बदलायची. हर्षदाला त्या हसण्याचा फार राग येई आणि वाईटही वाटे.

तेवढ्यात दोघींचे फोन वाजले. गावातल्या सगळ्या फोनवर पेरणीच्या तारखा आल्या होत्या. देवानंदचं वावर पुन्हा सगळ्यांच्या आधी होतं, परवाच. बाकीच्यांच्या तारखा पार फेब्रुवारीच्या मध्यावर गेल्या होत्या.

तीळ हे वेळेचं पीक आहे. थंडी जमिनीत मुरलेली असताना पेरला तर बी कुजतं, उगवलं तरी खुरटतं. उशीर केला तर रात्री लहान होत जातात, झाडाचं घड्याळ चुकतं, फुलं मागे पडतात आणि बोंडं पिकायला अन् अवकाळी वारा सुटायला एकच गाठ पडते. पिकलेलं बोंड तोंड उघडतं, आणि वाऱ्याने हललं की वर्षभराची मेहनत जमिनीवर सांडते. या दोन्हींच्या मधली जी थोडी वेळ असते, ती दर वर्षी सरकते. त्यातून तुडतुडे आहेतच. भाताच्या दाण्याहून लहान हा किडा झाडाचा रस पितो आणि पिता पिता एक रोग सोडून जातो. तो रोग झालेलं झाड फूल कसं करायचं तेच विसरतं आणि फुलाच्या जागी पानं काढत बसतं. काही वर्षांपूर्वी जो तो आपल्या मनाने पेरत असताना पूर्णाकाठच्या या सगळ्या पट्ट्यात नुसते पानांचे झुपके उभे राहिले होते. त्या वर्षी मांडवखेडने तीळ जवळजवळ सोडूनच दिला होता.

मग गावातल्या शेतकऱ्यांच्या गटाने हे तारखा काढणारं यंत्र आणलं. गाव त्याला जोशीबुवा म्हणे, कारण ते मुहूर्त काढून देई. जमिनीत खुपसलेल्या सळया मातीची ऊब मोजत. बांधावरच्या झाडाझुडपांना लावलेल्या बारीक सुया तुडतुड्यांचं बोलणं ऐकत. हे किडे देठावर थरथर उठवून एकमेकांना हाका मारतात, ती थरथर माणसाच्या कानाला कळत नाही. किती आहेत, कुठे आहेत, वारा कुठला, सगळं जमेला धरून जोशीबुवा प्रत्येक वावराची तारीख काढत. गटाच्या खोलीत बसून ते यंत्र सांभाळायचं काम हर्षदाकडे होतं. तिने शेतकीची पदविका केली होती, आणि जोशीबुवांवर तिचा गावापेक्षा जास्त विश्वास होता.

आज पहिल्यांदा तो डळमळला. मातीची ऊब अजून जेमतेमच होती. मग एकाच वावराला इतकी घाई कशाला? कप तसाच ठेवून ती गटाच्या खोलीवर गेली आणि तिने सरळ विचारलं. आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तारीख आली की लोक पिशवी उचलून निघत.

पडद्यावर उत्तर उमटलं: नाल्याकाठी, वाऱ्याच्या तोंडावर असल्याने तुडतुडे आधी त्या वावरात उतरतात. तिथे तीळ आधी उभा असला तर ते तिथेच थांबतात. फवारणीने तिथेच संपवता येतात. उरलेली वावरं वाचतात.

"आणि त्या वावराचं काय?" हर्षदाने लिहिलं.

त्या वावरात बोंडं धरण्याची अपेक्षा नाही.

"मागच्या दोन वर्षीही नव्हती?"

नव्हती.

"मग हे सांगितलं का नाही?"

तारीख विचारली होती. कारण विचारलं नव्हतं.

हर्षदाला झेंडू आठवला. कपाशीभोवती झेंडू लावतात, किडीने आधी तो खावा म्हणून. सापळा पीक. झेंडूला कोणी विचारत नाही. यंत्र आणलं तेव्हा गटाने सभेत ठराव केला होता, गटाचं एकूण पीक वाढलं पाहिजे, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तिनेही. यंत्र त्या ठरावाला इमानाने जागलं होतं. गेल्या वर्षी फवारणीचा ड्रोन सारखा देवानंदच्या वावरावर घिरट्या घालायचा, तेव्हा तिने कौतुकाने सांगितलं होतं, "ताई, जोशीबुवांचं सगळ्यात जास्त लक्ष तुमच्याच वावराकडे आहे." ते आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

ती तडक गटप्रमुख भास्करराव ढोरेंच्या वावरात गेली. भास्करराव ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. सगळं ऐकून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य काही दिसलं नाही.

"मले मागच्याच साली समजलं," ते म्हणाले.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मंग काय करू? एकाचं जाते, बाकी सगयाईचं वाचते. सांगतलं असतं तर पयले कोनं पेरलं असतं? भांडनं लागली असती, जो तो आपल्या मनानं पेरत सुटला असता. ते पानाचं साल इसरली का तू?"

"गावात कांचनताईंच्या हाताबद्दल काय बोलतात, ते तुम्ही ऐकता ना? तुमच्याच घरून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही."

"ते बायाईचं काम हाय," भास्करराव नळीचा पीळ काढत म्हणाले. मग जरा मवाळ झाले. "लोकं बोलतात पोरी, बोलून बोलून थकतात."

"मी माझं वावर आधी पेरते."

"तुहं वावर मधात हाय. तुह्या पेरन्यानं किडा थांबत नाई, त्याच वावरानं थांबते. इचारून पाह्य तुह्या जोशीबुवाले." हे खरं होतं, आणि ते तिलाही कळत होतं. "सांगाचं तर सांग. पन देवानंदनं नाई पेरलं अन् सगयाईचं गेलं, तर ते कोनाच्या मुठीवर जाईन, त्याचा इचार कर."

हर्षदा तशीच वळली. घरी आली, कांचनताईने पुढे केलेली भाकरी तिने खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. एकदा आई समोर होत्या, आणि एकदा कांचनताई वाडग्यातल्या काळ्या तिळात रेती कालवायला सांगत होती, "तूच कालव, माहा हात नको लागू दे." बोलावं तर गाव उसवेल, गप्प बसावं तर ही बाई. दोन्ही बाजूंनी तिची कोंडी झाली होती.

पेरणीच्या सकाळी सगळे वावरात जमले. पहिली पेरणी म्हणून गटातली चार माणसं नारळ घेऊन आली होती, त्यांत भास्करराव होते. ते हर्षदाच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हते. आईंनी तिफणीला हळदकुंकू वाहिलं. देवानंदने पेरणीयंत्राला दोर बांधला. कांचनताई मागे, बांधावर, दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती.

आईंनी वाडगं पुढे केलं. हर्षदाने मूठ भरली आणि चाड्यावर धरली.

"सोड," देवानंद म्हणाला.

तिची मूठ उघडेना. रेतीचे कण तळव्यात रुतत होते. भास्कररावांनी मानेने नको म्हटलं, अगदी थोडंसं.

"दादा," हर्षदा म्हणाली, "या वावरात बोंडं धरणार नाहीत. माझ्या मुठीने पेरलं तरी नाही, कोणाच्याही मुठीने नाही."

मग ती थांबली नाही. नाला, वारा, तुडतुडे, जोशीबुवांची उत्तरं, सगळं तिने सांगून टाकलं. सांगताना ती देवानंदकडे बघत होती, पण ऐकवत होती बांधावरच्या बाईला.

देवानंद वळला. "भास्करराव, तुमाले माईत होतं?"

"गटाच्या भल्यासाठी..."

"माईत होतं का, एवढंच इचारलं."

"होतं," भास्करराव नाल्याकडे बघत म्हणाले.

देवानंदने यंत्र बंद केलं, दोर सोडला आणि तिफण बांधाला टेकवून ठेवली. त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळेच सगळ्यांना धडकी भरली. "मंग मी पेरत नाई. आता पाहू गटाचं भलं."

"देवा, असं नको करू," नारळ घेऊन आलेल्यांपैकी एक जण म्हणाला. "सगयं जाईन गावाचं."

"माहं दोन साल गेलं तवा कोन आलतं? माह्या बायकोले तोंडावर बोलले तुमी लोकं." तो बांधावरच्या कांचनताईकडे वळला. "अन् मी बी आयकून घेतलं."

या तिढ्यात आई मटकन बांधावर बसल्या. त्यांनी समोरच्या नाल्याकडे, मग काळ्या मातीकडे बघितलं.

"माह्या सासूच्या राज्यात तीय पावसायात पेरत होते," त्या म्हणाल्या. त्या कोणाशी बोलत होत्या ते कळत नव्हतं. "पयल्या मुठीचा मान या वावराचा होता. तवा हे दुसऱ्या घराचं होतं. त्याईच्या आधी कोनी पेरत नोतं. अन् झोडपनी झाली का सासू मले सूप भरून तीय द्याची. त्याईच्या घरी नेऊन दे म्हने, देवीचा वाटा हाय. गावातल्या सगयाच बाया न्याच्या. मले वाटे, देवीचं काही असंन." त्या थांबल्या. "मंग ते लोकं गाव सोडून गेले, तुह्या मामंजीनं वावर घेतलं. सूप बंद झालं. कोनी इचारलं नाई, काहून बंद झालं."

"म्हणजे त्यांचं तेव्हाही जातच असणार, आणि सूप ही त्याची भरपाई," हर्षदा हळूच म्हणाली.

"वावर घेतलं आमी, मान नाई घेतला." आईंनी पदराने डोळे पुसले. "अन् मी माह्या सुनेच्या हाताले बोल लावला."

कांचनताई बांधावरून खाली उतरली. चालत हर्षदापाशी आली, तिची मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट उघडून काळे तीळ पुन्हा वाडग्यात पाडले. तळव्याला चिकटलेले दाणेसुद्धा तिने टिपून घेतले.

"हे इथं नाई पेराचे," ती म्हणाली. दोन वर्षांत तिला असं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. "इथं यंत्रात भरलेले गटाचे पांढरे पेरू. मूठ मी धरीन, अन् हे मरनार हायेत हे समजून धरीन. तुमी सगये उभं राहून पाहा."

"कांचन, काही गरज नाई," देवानंद म्हणाला.

"गरज हाय. नाई पेरलं तर सगयाईचं जाईन, अन् ते मी पाहू शकत नाई. पन फुकट नाई. झोडपनी झाली का हर घरून सूप आलं पायजे, आई सांगतात तसं." मग तिने वाडगं भास्कररावांच्या पुढ्यात धरलं. "अन् हे माह्या माहेरचे. शेवटचे. हे तुमच्या वावरात पेराचे. मूठ माहीच."

"माह्या वावरात कायले?"

"तुमचं वावर सगयात राखलेलं हाय, जोशीबुवाच सांगते. अन् माह्या हातानं खराब झाले, तर तुमालेच पयले दिसन."

भास्कररावांना खरं कारण वर्षभर माहीत होतं. तरी त्या क्षणी त्यांची नजर वाडग्यावरून तिच्या हाताकडे गेली आणि ते कचरले. ते कचरणं सगळ्यांनी पाहिलं. त्यांनीही ते ओळखलं असावं, कारण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"या," ते म्हणाले. "तारीख आली का मी सोता बोलवाले येतो."

देवानंदने दोर पुन्हा बांधला. पांढऱ्या तिळात रेती कांचनताईनेच कालवली. चाड्यावर मूठ धरण्याआधी तिने ती दोनदा मागे घेतली. खरं कारण कळलं म्हणून भीती लगेच जात नाही. हर्षदा तिच्या शेजारून, चाड्याला हात लावून चालत राहिली, दोन ओळी संपेपर्यंत.

पुढे सगळं जोशीबुवांनी सांगितल्यासारखंच झालं. नाल्याकाठचा तीळ आधी हिरवागार झाला, मग त्याच्यावर तुडतुडे उतरले, ड्रोन फिरला, आणि एप्रिलात शेंड्याशेंड्याला पानांचे झुपके आले. कांचनताई रोज ते बघायला जाई. वाटेने जाणारे आता काही बोलत नसत, खाली बघून जात. हर्षदाने सभेत ठराव बदलून घेतला. आता प्रत्येक तारखेपुढे ती तारीख कशासाठी आहे आणि कोणाला काय सोसावं लागेल, ते यंत्राला लिहावं लागे. त्यावर भांडणं झाली, अजूनही होतात.

मे महिन्यात भास्कररावांच्या वावरात काळ्या तिळाच्या पेंढ्या उभ्या करून वाळवल्या. कापड अंथरून एकेक पेंढी उलटी धरली आणि काठीने टिचकी मारली, तसा काळा दाणा सरसर खाली आला. बियाणं वाचलं होतं. त्याच आठवड्यात भास्कररावांची बायको पांढऱ्या तिळाचं सूप घेऊन अंगणात आली आणि कांचनताईला कुंकू लावून गेली. मग इतर घरची सुपं आली. एका घरचं आलं नाही, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं.

कैऱ्या आल्या त्या दिवशी आईंनी परात मांडली. मोहरी, मेथी, तिखट, हळद सगळं पडलं. मग मागच्या वर्षीसारखं सगळे थांबले. आई हर्षदाकडे बघायला लागल्या, हर्षदा मुद्दाम बरणीचं झाकण पुसत बसली.

कांचनताईने बांगड्या मागे सारल्या. क्षणभर हात परातीवर तसाच राहिला. लोणचं नासायला शंभर कारणं असतात, आणि नासलं तर गावाला एकच पुरेल. मग कांचनताईने हात कोपरापर्यंत फोडींमध्ये घातला आणि तळापासून कालवायला लागली.

आई तिच्या हाताकडे बघत राहिल्या.

"मीठ बेतानं टाक वं," त्या म्हणाल्या. "मागच्या साली खारट झालतं."